मुलाची भाषा डोक्यात वाढते की माणसांत?

2025 सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात एका शैक्षणिक प्रश्नावर जेवढे बोलले गेले, तेवढे एरवी दहावीच्या निकालावरही बोलले जात नाही. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा ठरली. 17 जूनच्या सुधारित निर्णयात सक्ती गेली आणि ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर झाले. त्या अडीच महिन्यांत पुण्यात, सारसबागेत सकाळी फिरणाऱ्यांपासून ते शाळेच्या फाटकाशी रिक्षाकाकांची वाट पाहणाऱ्या पालकांपर्यंत, दोन मते हिरिरीने मांडली जात होती. लहान वयात मेंदू ताजा असतो, तो कितीही भाषा शोषून घेतो, हे एक मत. आणि सहा वर्षांच्या जिवावर तीन भाषांचे ओझे कशाला, हे दुसरे. एकाच्या मते पिंपात जागा भरपूर होती, दुसऱ्याच्या मते ते भरून वाहू लागणार होते. परंतु मूल म्हणजे पिंप आहे याविषयी दोघांचेही एकमत होते.

या गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही, तो म्हणजे हे मूल ती भाषा बोलणार कुणाशी आणि कशासाठी. शिकणे आणि भाषाविकास यांवरच्या संशोधनात एक मोठा प्रवाह नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो. त्याला सामाजिक-सांस्कृतिक सिद्धांत म्हणतात. नाव जड आहे, पण मूळ म्हणणे एका वाक्यात सांगता येते: माणसाची विचार करण्याची क्षमता आधी इतर माणसांबरोबरच्या व्यवहारात घडते आणि मग ती त्याची स्वतःची होते. या एका वाक्यामुळे संशोधकांनी कुठे पाहायचे, काय मोजायचे आणि ‘चूक’ कशाला म्हणायचे हे सगळेच बदलले. ते कसे, हे या लेखात पाहू.

आधी दोघांत, मग एकट्यात

या विचाराचा प्रवर्तक लेव्ह वायगॉट्स्की. त्याचा जन्म 1896 साली आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा या गावी झाला. मॉस्कोत कायद्याचे शिक्षण घेतलेला हा माणूस साहित्य आणि नाटकावरून मानसशास्त्राकडे वळला आणि 1934 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेला. विचार आणि भाषा यांच्या नात्यावरचा त्याचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. 1936 मध्ये सोव्हिएत सत्तेने बालविकासशास्त्राच्या तेव्हाच्या शाखेवर गंडांतर आणल्यावर त्याचे लेखन जवळजवळ वीस वर्षे अडगळीत पडले, आणि इंग्रजी वाचकांपर्यंत ते 1962 नंतर पोचले. आज आपल्याकडे बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते, मात्र बहुधा पाच गुणांच्या टिपेपुरतेच.

वायगॉट्स्कीने दिलेले एक उदाहरण कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. आठ-नऊ महिन्यांचे बाळ फडताळावरच्या खुळखुळ्याकडे हात लांबवते. खुळखुळा दूर असल्यामुळे हात हवेतच राहतो आणि बोटे वळवळतात. या क्षणी बाळाच्या बाजूने ही फक्त फसलेली पकड असते. पण आई ते पाहते, “तो हवाय का माझ्या सोन्याला?” असे म्हणते आणि खुळखुळा काढून देते. असे पुष्कळदा झाल्यावर बाळाच्या लक्षात येते की वस्तूकडे हात केला की माणूस हलतो. मग ते हात करताना वस्तूकडे न पाहता आईकडे पाहू लागते, आणि फसलेली पकड ‘दाखवणे’ बनते. त्या खुणेचा अर्थ पहिल्यांदा बाळाच्या डोक्यात नव्हता. तो आईने दिला आणि बाळाने तो नंतर आपलासा केला.

वायगॉट्स्कीच्या मते लक्ष एकाग्र करणे, आठवणे, तर्क करणे या सगळ्या वरच्या दर्जाच्या क्षमतांचा प्रवास असाच होतो. माणूस कुदळीने जमीन खणतो तसा शब्दांनी, आकड्यांनी, नकाशाने आणि लिपीने स्वतःच्या मनावर काम करतो, आणि ही अवजारे त्याने स्वतः शोधलेली नसून समाजाने त्याच्या हाती दिलेली असतात. उपरण्याला मारलेली आठवणीची गाठ हेसुद्धा असलेच एक अवजार आहे.

मुले एकटीच का पुटपुटतात?

चार वर्षांची मुलगी ठोकळ्यांचे घर रचताना स्वतःशीच बोलत असते: “हा इथे. नाही, पडेल. मोठा आधी लावू या.” स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी 1920 च्या दशकात या बोलण्याला आत्मकेंद्री म्हटले होते. मुलाला अजून दुसऱ्याचा दृष्टिकोन घेता येत नाही, म्हणून ते असे बोलते आणि मोठे झाल्यावर हे आपोआप विरून जाते, असा त्यांचा अर्थ होता.

वायगॉट्स्कीने हा अर्थ उलटा केला. त्याने मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या, म्हणजे रंगीत पेन्सिल हवी तेव्हा ती नसणे, कागद न सापडणे अशा. तेव्हा हे पुटपुटणे एकदम वाढले. शिवाय मुलाला कर्णबधिर किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवले, की ते घटले. बोलणे फक्त अपरिपक्वतेचे लक्षण असते, तर अडचण आल्याने ते वाढायचे आणि ऐकणारा नसल्याने घटायचे कारण नव्हते. त्याचा निष्कर्ष असा की मूल आधी इतरांशी बोलते, मग त्याच शब्दांनी स्वतःला सूचना देते, आणि पुढे तेच बोलणे आत जाऊन मनातल्या मनात होऊ लागते. आईचे “हळू, सांडेल हं” हे वाक्य काही महिन्यांनी मूल स्वतःलाच म्हणते, आणि आणखी काही वर्षांनी काहीही न बोलता हात सावकाश करते.

मराठी वाचकाला येथे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाचा आठवतील. मलाही आठवल्या, आणि साम्य दाखवण्याचा मोह झाला. परंतु दिशा विरुद्ध आहे. आपल्या परंपरेत वाणी आतून बाहेर येते आणि वैखरी हा तिचा शेवटचा टप्पा असतो, तर वायगॉट्स्कीकडे वैखरी प्रथम असते आणि आतली वाणी तिच्यापासून घडते.

आवाक्याचा काठ आणि परांची

आता या सिद्धांतातली सर्वांत गाजलेली कल्पना. दोन मुले घ्या. चाचणीत दोघांचे मानसिक वय आठ वर्षे निघते, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला येते तेवढे दोघांना एकट्याने येते. मग परीक्षक दोघांनाही थोडा हात देतो: एखादा सूचक प्रश्न, पहिली पायरी. त्या मदतीने पहिले मूल बारा वर्षांच्या मुलांची गणिते सोडवते, तर दुसरे जेमतेम नऊ वर्षांच्या पातळीपर्यंत जाते. वायगॉट्स्कीने विचारले, ही दोन मुले सारखी आहेत असे म्हणायचे का? एकट्याने जे जमते आणि मदतीने जे जमते त्या दोहोंमधल्या पट्ट्याला त्याने निकट विकासक्षेत्र म्हटले. मी त्याला आवाक्याचा काठ म्हणतो. शिकवणे परिणामकारक होते ते या काठावर. त्याच्या अलीकडे मूल कंटाळते आणि फार पलीकडे गेले तर बावचळते.

मदत कशी असावी, याचे वर्णन डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये केले. तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा होता, आणि शिकवणारी व्यक्ती त्यांना कधी, किती व कशी मदत करते हे संशोधक नोंदवत होते. त्या मदतीला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘परांची’. पुण्यात परांची कशी असते हे सांगण्याची गरज नाही. कोणत्याही उपनगरात मान वर केली की ती दिसतेच. परांची इमारतीचा भाग नसते, ती भिंतीच्या उंचीबरोबर वर सरकते आणि गिलावा झाला की उतरवली जाते. या उपमेत उतरवणे महत्त्वाचे आहे, आणि शिक्षणाच्या भाषणांत नेमके तेच गळते. गंमत म्हणजे वायगॉट्स्कीने हा शब्द शिकवण्याच्या या अर्थाने वापरलाच नव्हता, आणि निकट विकासक्षेत्रावरही त्याने आयुष्याच्या अखेरच्या दीड-दोन वर्षांत थोडेच लिहिले होते. पुढे शिक्षणशास्त्राने त्या थोड्यावर बरेच मजले चढवले.

संशोधकाची नजर कुठे गेली

जुन्या पद्धतीचा अभ्यास असा चाले: मुलांचे दोन गट करा, आधी चाचणी घ्या, एका गटाला नव्या पद्धतीने शिकवा, शेवटी चाचणी घ्या आणि गुणांतला फरक मोजा. हे उपयोगी आहेच; पण दोन चाचण्यांच्या मध्ये काय घडले हे त्यात झाकलेले राहते. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टीच्या संशोधकाला नेमके ते मधले हवे असते. म्हणून तो संवाद ध्वनिमुद्रित करतो, शब्दन्‌शब्द उतरवून घेतो, आणि कोणत्या क्षणी कोणत्या मदतीने काय बदलले हे मिनिटामिनिटाने तपासतो. त्याच्या अभ्यासाचे एकक एकटे मूल नसते. मूल, सोबतचा माणूस आणि हातातले साधन मिळून ते एकक होते.

दुसरी भाषा शिकण्याच्या क्षेत्रातले एक उदाहरण पाहू. 1994 मध्ये अली अलजाफ्रेह आणि जेम्स लँटोल्फ यांनी इंग्रजी शिकणाऱ्या तीन प्रौढ विद्यार्थ्यांच्या निबंधांवर शिक्षकाशी होणाऱ्या चर्चा अभ्यासल्या. चूक दुरुस्त होण्यासाठी किती मदत लागली, हे मोजायला त्यांनी शून्य ते बारा अशी पट्टी तयार केली. सर्वांत खाली विद्यार्थी स्वतःच पुन्हा वाचून चूक शोधतो. मध्ये शिक्षक फक्त ‘या ओळीत काहीतरी आहे’ एवढेच सुचवतो. आणि वरच्या टोकाला नियम व उदाहरणे देऊन सगळे सांगावे लागते.

हेच पुण्यात आणून पाहू. बाणेरच्या एखाद्या कंपनीत परराज्यातून आलेले दोन तरुण मराठी शिकत आहेत असे समजा. दोघेही म्हणतात, “माझा घर जवळच आहे.” परीक्षेत दोघांना शून्य. पण एकाला तुम्ही नुसते “माझा?” असे विचारले की तो जीभ चावून “माझं, माझं घर” म्हणतो, दुसऱ्याला मात्र घर हा शब्द नपुंसकलिंगी आहे, मराठीत तीन लिंगे आहेत, इथपासून सांगावे लागते. चूक तीच, परंतु पहिला माणूस नियम आत्मसात करण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि दुसरा अजून अंगणात आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने पुन्हा “माझा घर” म्हटले, पण या वेळी तो “माझा?” एवढ्यावरच सावरला, तर त्याच्या वाक्यात बदल दिसत नसतानाही तो पुढे सरकला आहे. गुणपत्रिकेत ही प्रगती दिसणार नाही. म्हणून या प्रवाहात गतिमान मूल्यमापन नावाची पद्धत रुजली, जिच्यात परीक्षक मख्ख चेहऱ्याने न बसता टप्प्याटप्प्याने मदत देतो आणि कितव्या टप्प्यावर काम झाले हे नोंदवतो.

पथकात नवा आलेला

आतापर्यंत एक शिकवणारा आणि एक शिकणारा असे चित्र होते. पण पुष्कळ शिकणे असे घडतच नाही. आषाढ-श्रावणात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तो आठवा. नवा मुलगा पहिल्या दिवशी ढोल उचलायला, ताणायला मदत करतो, कडेला उभा राहून ऐकतो, मांडीवर ताल धरतो. मग मागच्या रांगेत टिपरू हातात येते, चुकला तरी शंभर ढोलांत खपून जाते. आणि दोन-तीन हंगामांनी तोच कुणाला तरी “मनगट सैल सोड” असे सांगत असतो. पाठ्यपुस्तक नसते, पण अभ्यासक्रम असतोच, आणि तो कडेकडून मध्याकडे जातो.

जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारांचा अभ्यास केला, तेव्हा तिला हाच क्रम दिसला. तिथला नवा उमेदवार आधी बटणे लावणे, कडा दुमडणे ही शेवटची कामे शिके, मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. आपल्याकडेही नव्या पोऱ्याच्या हाती प्रथम काज-बटणच येते. यामागे शहाणपण आहे: शेवटच्या कामात चूक झाली तर कापड वाया जात नाही, आणि पूर्ण झालेला कपडा रोज डोळ्यांसमोर राहतो. एतिएन वेंगर यांच्यासह लेव्हने 1991 मध्ये यावरून मांडले की शिकणे म्हणजे एखाद्या समूहाच्या कामात हळूहळू सामील होणे होय.

याच देशात सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल यांनी वाई लोकांचा अभ्यास केला आणि 1981 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो मला या सगळ्या परंपरेतला सर्वांत देखणा अभ्यास वाटतो. वाईंची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत शिकवली जात नाही. माणसे ती एकमेकांकडून शिकतात आणि पत्रे, हिशेब लिहितात. काही जण अरबी शिकतात, ते कुराणाच्या पठणासाठी. काही इंग्रजी शिकतात, ते शाळेत. म्हणजे अक्षरओळख आणि शाळा या दोन गोष्टी येथे निसर्गतःच वेगळ्या झाल्या होत्या. अक्षर आले की बुद्धी तर्कशुद्ध होते, अशी तोपर्यंतची समजूत होती. तसे दिसले नाही. वाई लिपी येणारे लोक समोर नसलेल्या माणसाला एखादा खेळ समजावून सांगण्यात सरस होते, कारण पत्र लिहिताना तेच करावे लागते. पठण करणारे विशिष्ट क्रमवार स्मरणात पुढे होते. आणि आपल्या उत्तराचे कारण शब्दांत मांडण्यात शाळेत गेलेले पुढे होते. प्रत्येक साक्षरतेने तिच्या वापराजोगी क्षमता दिली होती.

ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर नारळ, मका विकणाऱ्या पाच मुलांचे गणित 1985 मध्ये तपासले गेले. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत त्यांची 98 टक्के उत्तरे बरोबर होती. तीच गणिते शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर सुमारे 74 टक्के आणि नुसती आकडेमोड म्हणून कागदावर दिल्यावर सुमारे 37 टक्के. पाच मुलांवरून जगाचा नियम काढू नये, हे खरेच. परंतु 2025 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या कोलकाता आणि दिल्ली येथील मोठ्या अभ्यासातही बाजारात काम करणाऱ्या मुलांचे हेच झाले, आणि त्यात आणखी एक भर होती: शाळेत गणित येणाऱ्या मुलांची बाजारातल्या हिशेबात तितकीच त्रेधा उडाली. मंडईत आईशेजारी बसून पावशेराचे भाव तोंडी सांगणारे मूल वर्गात ‘गणितात कच्चे’ ठरते, तेव्हा कच्चे नेमके कोण, हा प्रश्न उरतो.

घरची बोलण्याची रीत आणि शाळेची

मध्यमवर्गीय मराठी घरात बाळाला सतत प्रश्न विचारले जातात. “बाळाचं नाक कुठाय? भूभू कसा करतो?” विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. शाळेतले बाईंचे प्रश्नही असेच, उत्तर माहीत असूनही विचारलेले असतात. त्यामुळे असे मूल शाळेत जाते तेव्हा त्याला खेळ आधीच येत असतो. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलायना भागात शेजारशेजारच्या वस्त्यांत अनेक वर्षे राहून-वावरून केलेला अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीत मोठी माणसे मुलांना असे प्रश्न विचारतच नसत. ‘हे कशासारखं आहे?’ असे तुलनेचे प्रश्न विचारत. ती मुले बोलकी होती, गोष्टी रंगवून सांगत, आणि शाळेत मात्र ‘हे काय आहे?’ या प्रश्नापुढे गप्प होत. ज्याला शिक्षक भाषेची उणीव समजत होते, तो प्रत्यक्षात दोन रीतींचा बेबनाव होता.

एलिनॉर ओक्स यांनी सामोआत आणि बांबी शीफेलिन यांनी पापुआ न्यू गिनीच्या कालुली लोकांत पाहिले की तिथे तान्ह्या बाळाशी बोबडे बोलण्याची पद्धत नाही. कालुली आया मुलाला इतरांकडे तोंड करून धरतात आणि ‘असे म्हण’ या अर्थाचा शब्द वापरून त्याच्या तोंडी वाक्ये घालतात. आपण वेगळे काय करतो? “म्हण, आजोबांना म्हण, ‘या, बसा’.” भाषेबरोबर कुणाला अहो म्हणायचे आणि कुणाला अरे, हेही मूल त्याच वाक्यात शिकते.

पुण्याच्या शाळांपुरता याचा अर्थ रोकडा आहे. ज्या घरात ‘पानी’ आणि ‘न्हाई’ म्हणतात, तिथले मूल श्रुतलेखनात ‘पानी’ लिहिते तेव्हा ते आपल्या कानाशी प्रामाणिक असते. ती अक्षरांची अडचण नसून बोलीचा फरक आहे, हे ज्या बाईंना माहीत असते त्या ‘तुमच्याकडे पानी, पुस्तकात पाणी’ असे म्हणून पुढे जातात. ज्यांना माहीत नसते त्या तांबडी फुली मारतात. फलटणच्या मराठीतले असे भेद डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी पीएच.डी.साठी अभ्यासले आणि पुढे तिथेच शाळा उभी केली. त्याच्याही आधी, 1945 साली बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली.

मग जन्मजात काहीच नसते का?

असते. बाळ भाषा शिकण्याची तयारी घेऊनच जन्मते, आणि व्याकरणाचा सांगाडा कितपत उपजत असतो याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मोठा वाद आहे, ज्याचा निकाल हा सिद्धांत लावू शकत नाही. तो सांगतो ते त्या तयारीचे पुढे काय होते याविषयी. या बाबतीत अगदी वेगळ्या, मेंदूविज्ञानाच्या अंगाने काम करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा 2003 मधला प्रयोग बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना त्या भाषेतले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावर पाहणाऱ्या किंवा फक्त ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बाळांना नाही. जेवताना बाळाच्या हातात मोबाईल देऊन ‘त्याला इंग्रजी कानावर पडतंय’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

हे तर शिकवणीचेच समर्थन झाले!

हा आक्षेप पुणेकर हमखास घेईल, आणि तो गैरही नाही. मदतीने मूल अधिक करते, तर शिकवणी लावा, झाले. पण परांचीची कसोटी लावून पाहा. अपेक्षित प्रश्नांची उत्तरे लिहून देऊन ती घोकून घेणारी मदत पहिलीत असते, दहावीत असते आणि बारावीतही असते. ती कधीच उतरत नाही. जी मदत मुलाच्या वाटचे काम करते ती त्याला काठावर आणतच नाही. शिवाय जाणकार माणूस मोठाच असावा, पैसे घेणाराच असावा असे कुठे आहे? रिचर्ड डोनाटो यांनी 1994 मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाचे संवाद तपासले, तेव्हा एकट्याने कुणालाच न येणारे क्रियापदाचे रूप तिघांनी एकेक तुकडा पुरवत मिळून जुळवलेले आढळले.

वर्गात इतकी मुले असताना?

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तीस काठ एका माणसाने सांभाळणे शक्य नाही, हे खरेच आहे, आणि सिद्धांताच्या नावाने तसा आग्रह धरणे हा शिक्षकावर अन्याय आहे. जोड्या, छोटे गट, वरच्या वर्गातल्या मुलांची सोबत हे उपाय आहेत; पण त्यांना वेळ लागतो आणि वर्गात आवाज होतो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही तपासनीसांची आणि पालकांची समजूत या बाबतीत मुलांच्या संख्येपेक्षाही आड येते, असे मला वाटते.

या सिद्धांतावरचा अधिक गंभीर आक्षेप वेगळाच आहे. त्यातले अनेक अभ्यास तीन-चार, फार तर पाच-दहा व्यक्तींचे असतात. एका संवादाच्या बारीक वर्णनावरून धोरण ठरवता येत नाही. निकट विकासक्षेत्र आधी मोजून मग शिकवावे असे काही नसते. बरेचदा मदत केल्यावरच ते दिसते, आणि टीकाकार म्हणतात त्याप्रमाणे अशा कल्पनेने मागाहून काहीही सिद्ध करता येते. खुद्द पूर्वसुरींनीही चुका केल्या. वायगॉट्स्कीचा सहकारी अलेक्झांडर लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात गेला आणि निरक्षर शेतकऱ्यांना त्याने कोडे घातले: बर्फाच्या दूर उत्तरेत सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव तिथे आहे, तिथली अस्वले कोणत्या रंगाची? ‘मी पाहिले नाही, त्यावर कसे बोलू’ अशा अर्थाची उत्तरे आली. लुरियाने त्यात विचारांची खालची पायरी पाहिली. मला ते उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शोभेलसे चोख वाटते. वाई लोकांचा अभ्यास हा एका अर्थी याच चुकीची दुरुस्ती होती.

तर मग पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको?

हा सिद्धांत याचे होय-नाही असे उत्तर देत नाही, आणि ‘संशोधन असे सांगते’ असे म्हणून जो कुणी एका वाक्यात ते देतो त्याच्यापासून जपावे. तो प्रश्न मात्र बदलून देतो. कात्रजला राहणाऱ्या आणि शेजारच्या मुलांशी रोज हिंदीत क्रिकेट खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाची हिंदी, आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवर जिथे ती भाषा बोलणारे कुणी नाही तिथल्या मुलाची हिंदी, या एकाच वेळापत्रकात बसत असल्या तरी एक गोष्ट नाहीत. पहिल्याकडे ती भाषा आधीच काठावर आली आहे आणि त्याला फार तर लिपीतले बारकावे लागतील. दुसऱ्यासाठी ती पुस्तकातली चित्रे आणि बाईंचा आवाज यांच्यापुरती राहील. त्या बाईंना स्वतःला ती भाषा सहज बोलता येते का, हाही प्रश्न त्यात आला. तिसरे मूल बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुराचे किंवा वारजे पुलाखाली राहणाऱ्या पारध्याचे आहे. त्याच्यासाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असू शकते, आणि ‘तिसरी’ भाषेची मोजणी त्याच्या बाबतीत पहिल्याच आकड्याला चुकते.

हे ठरवायचे तर गुणांचे तक्ते पुरणार नाहीत. कुणीतरी महापालिकेच्या शाळेत, आश्रमशाळेत आणि डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत ध्वनिमुद्रक घेऊन मागच्या बाकावर वर्षभर बसले पाहिजे, मधल्या सुट्टीत कोण कुणाशी कोणत्या भाषेत भांडते हे लिहून घेतले पाहिजे, आणि मूल अडल्यावर त्याला किती मदत लागली व पुढच्या महिन्यात ती किती कमी लागली हे नोंदवले पाहिजे. असे एक शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि पुढच्या एप्रिलमध्ये संपते. समित्यांची मुदत सहसा त्याआधीच संपलेली असते.